कपाटातून कानापर्यंत : सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची वाटचाल

'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही आपली संस्था १९९० साली मुंबईत स्थापन झाली. तेव्हा लाखेच्या तबकड्यांचा बाजार उठून जवळजवळ वीस वर्षे झाली होती. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डचे उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले. १९९० पर्यंत एल.पी.चेही दिवस भरत आले होते आणि घरोघर कॅसेट वाजत होती. चावीचे फोनो माळ्यावर गेले होते, पितळी कर्णे शोभेच्या वस्तू म्हणून विकले जात होते, आणि एखादी जुनी तबकडी हवीच असेल तर ती चोरबाजारात किंवा जुन्या सामानाच्या दुकानात हुडकावी लागे. जी वस्तू आता कुणी बनवत नाही तिच्यासाठी संस्था कशाला, असा प्रश्न पडावा असाच तो काळ. पण वेळ नेमकी तीच होती. दुकानात नवी रेकॉर्ड मिळत होती तोवर जुनीची मोजदाद करायला कुणाला सवड नव्हती. ती मिळेनाशी झाल्यावर, आपल्याकडे आहे ती कदाचित शेवटचीच असेल, ही जाणीव काही जणांना बेचैन करू लागली.

अध्यक्ष नारायण मुलानी, मानद सचिव डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या जोडीला मायकेल किनिअर अशा तिघांच्या पुढाकारातून हे काम उभे राहिले. मुलानी स्वतः मोठे संग्राहक. चांदवणकर तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे. नोंद, मोजमाप आणि पुरावा यांची शिस्त त्यांनी या छंदात आणली. किनिअर ऑस्ट्रेलियाचे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या ध्वनिमुद्रिकांची त्यांनी केलेली सूची १९८५ सालीच पुस्तकरूपाने आली होती. आपल्या गवयांनी काय काय गाऊन ठेवले याची पद्धतशीर यादी इतक्या दूरच्या माणसाने करावी, ही गोष्ट मला आजही अंतर्मुख करते. आपल्याकडे बंदिशी जपल्या गेल्या, घराण्यांच्या वंशावळी जपल्या गेल्या, पण तबकडीवरचा नंबर जपावा असे फार थोड्यांना सुचले होते.

संस्था निघण्यापूर्वीही संग्राहक होतेच, आणि गावोगाव होते. पण ते एकेकटे होते. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली जानव्याला, आणि आपल्याकडे काय आहे हे शक्यतो दुसऱ्याला कळू द्यायचे नाही, अशी अनेकांची रीत असे. त्यामागे नुसता हेकेखोरपणा नव्हता. लाखेची तबकडी हातातून निसटली की संपली. उसनी दिलेली तडा जाऊन परत येई. शिवाय वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमवलेली चीज चार लोकांसमोर ठेवायची तर त्या लोकांना तिची किंमत कळली पाहिजे, ही रास्त अपेक्षा होती. मात्र या रीतीचा शेवट वाईट होई. संग्राहक गेला की कपाटात काय होते हे सांगणारे कुणी उरत नसे. मुलांना घरातली जागा मोकळी हवी असे. तबकड्या वजनावर निघत.

संस्थेने यावर शोधलेला उपाय साधा होता. वेळोवेळी एकत्र जमायचे, प्रत्येकाने आपल्याकडचे काही आणायचे, ते सगळ्यांनी ऐकायचे, आणि ऐकले त्याविषयी बोलायचे. या श्रवणबैठका हाच संस्थेचा प्राण. अमुक एक गायक, एखादा राग, एखादे लेबल, एखादी ठुमरी असा विषय धरून रेकॉर्ड लावल्या जातात. लावण्याआधी आणणाऱ्याने कलावंताचे नाव, राग, कंपनी, लेबलवरचा क्रमांक आणि मधल्या कोऱ्या भागावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर सांगायचा. नवख्याला हे नंबरांचे प्रकरण कोरडे वाटते. पण लेबलवरचा क्रमांक विक्रीच्या सोयीचा असतो आणि मॅट्रिक्स नंबर ध्वनिमुद्रणाच्या क्रमाचा. एकाच गायकाच्या चार तबकड्यांचे मॅट्रिक्स नंबर शेजारी मांडले की त्या एका बैठकीत मुद्रित झाल्या की काही वर्षांच्या अंतराने, हे उघड होते. मग आवाजातला फरक वयाचा आहे की यंत्राचा, हे ठरवता येते. चर्चेला पाय फुटण्याऐवजी पाया मिळतो.

या बैठकांत सुरुवातीच्या तबकड्या लागल्या की नवा श्रोता हमखास दचकतो तो शेवटच्या क्षणी. गाणे संपते आणि गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. गौहर जान यांची इंग्रजीतली घोषणा तर सर्वांच्या परिचयाची झाली आहे. याचे कारण अगदी व्यावहारिक. ग्रामोफोन कंपनीने भारतीय आवाज सर्वप्रथम १८९९ मध्ये लंडनला मुद्रित केले. भारतभूमीवर ते काम १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी सुरू केले. त्या मुक्कामात त्यांनी साडेपाचशेच्या आसपास मुद्रणे केली. मेणावरची ती मुद्रणे छापण्यासाठी जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या कारागिरांना आपली भाषा कळत नव्हती आणि नावेही ओळखता येत नव्हती. कोणती तबकडी कुणाची हे कळावे म्हणून कलावंताने शेवटी नाव उच्चारायचे. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. कारखान्याच्या सोयीसाठी सुरू झालेल्या त्या प्रथेमुळे आज शंभरहून अधिक वर्षांनी आपल्याला गौहर जान यांचा बोलण्याचा आवाज ऐकायला मिळतो.

मला स्वतःला आग्र्याच्या जोहराबाई या बैठकांतूनच भेटल्या. त्यांचे नाव पुस्तकांत वाचले होते. फैयाज खाँसारखे गवई त्यांना मानत, हेही ठाऊक होते. पण १९०८ ते १९११ या काळातल्या त्यांच्या तबकड्या जाणकारांच्या संगतीत ऐकल्या तेव्हा त्या मानण्याचे कारण कानाला कळले. मायक्रोफोन येण्यापूर्वीचा तो काळ. गायकाने थेट कर्ण्यात तोंड घालून गायचे, सारंगीने जवळ यायचे, तबल्याने बेताने राहायचे. तानपुरा तर बहुधा ऐकूच येत नाही. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. तोवर मुद्रित झालेला प्रत्येक आवाज हा स्वतःच्या ताकदीवर मेणात उमटलेला आवाज आहे. जोहराबाईंची खुली, भरदार फेक त्या कर्ण्याला पुरून उरते. हे मला एकट्याला घरी ऐकून उमगले नसते. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ सभासदाने तीच तबकडी पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, 'आता खरखर ऐकू नका, फक्त बोल ऐका.' तेवढ्याने कान बदलला.

तीन-साडेतीन मिनिटांच्या बंधनाविषयी आपल्या बैठकांत जितके बोलले गेले आहे तितके दुसऱ्या कशाविषयी नसेल. दहा इंची तबकडीच्या एका बाजूत तेवढाच वेळ मावे. ज्यांनी मैफलीत एक राग तासभर उलगडायचा त्यांनी तो एवढ्यात कसा मांडावा? अनेक जुन्या रसिकांचे मत असे की या तबकड्या म्हणजे गाण्याचा कापून उरलेला तुकडा. मला हे मत पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या ओडियन तबकड्या घ्या. पहिल्या षड्जापासून शेवटच्या समेपर्यंत त्यांत एकही क्षण भरतीचा नाही. मुखडा, रागाची ओळख पटवणारी दोन-तीन वळणे, थोडी सरगम, तान, आणि वेळेच्या आत सहज उतरणे. तबकडीसाठी वेगळी बांधणी करावी लागते हे त्यांना पुरते कळले होते. काही मोठ्या गवयांना ते साधले नाही, हेही खरे. त्यांच्या तबकडीत धाप लागलेली ऐकू येते. बैठकीत दोन्ही प्रकार शेजारी ठेवून ऐकले की तीन मिनिटांचा खयाल हा स्वतंत्र रचनाप्रकार होता, हे मान्य करावे लागते.

याच तबकड्यांनी पुढचे गवई घडवले. भीमसेन जोशी लहानपणी गदगला एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून वेडावले आणि गाणे शिकायला घराबाहेर पडले, ही हकीकत ते स्वतः सांगत. कुमार गंधर्व बालवयात मोठ्यांच्या रेकॉर्ड ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवत. गुरूच्या समोर बसून मिळणारी विद्या वेगळी, यात वाद नाही. पण गाण्याची ओढ पहिल्यांदा लागली ती दुकानाच्या फळीवर वाजणाऱ्या फोनोमुळे, असे एकाहून अधिक थोरांच्या बाबतीत घडले आहे.

इथे पट्टीचा मुद्दा सांगायलाच हवा, कारण संस्थेच्या कामातला हा सर्वांत किचकट आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. आपण '७८ फेऱ्यांची' म्हणतो, पण जुन्या काळी सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या तबकड्या बरोबर मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत नसत. कुठे गती कमी, कुठे जास्त. आज अशी तबकडी ७८ वर लावली की गाणे मूळ पट्टीतून सरकते. फेऱ्या साडेचारांनी वाढल्या तरी आवाज अर्धा सूर चढतो. काळी चारमध्ये गाणारा पांढरी सहात गेल्यासारखा वाटतो. त्याबरोबर लयही वाढते. तान प्रत्यक्षात होती त्यापेक्षा चपळ भासते आणि आवाज पातळ होतो. मग एखाद्या गायकाविषयी 'फार चढ्या पट्टीत गात' असा समज पुस्तकांत जाऊन बसतो. यावर यंत्राचे उत्तर अपुरे पडते. तिथे त्या गायकाला प्रत्यक्ष ऐकलेला, त्याची मैफलीतली पट्टी ठाऊक असलेला वृद्ध श्रोता लागतो. त्याच गायकाच्या नंतरच्या रेकॉर्डशी ताडून पाहणारा लागतो. सारंगीची घुमारी नैसर्गिक वाटते की नाही हे सांगणारा वादक लागतो. अशी माणसे एका खोलीत बसली तरच निर्णय होतो. श्रवणबैठकीचे मोल मी इथे मोजतो.

साथीदारांचे ऋण अजून फिटलेले नाही. लेबलवर गायकाचे नाव असते, रागाचे असते, कधी तालाचे असते. सारंगी कुणाची, तबला कुणाचा, पेटी कुणाची, याचा पत्ता नसतो. मध्येच गायकाने दिलेली दाद, वादकाला मारलेली हाक एवढाच धागा. काही नावे जाणत्यांनी हाताच्या वळणावरून ओळखली. बरीच अजून अनोळखी आहेत. हे काम पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे आणि ते तातडीचे आहे, कारण हात ओळखणारे कान दरवर्षी कमी होत आहेत.

बैठकीत ऐकलेले तिथेच विरून जाऊ नये म्हणून नियतकालिक काढायचे ठरले आणि १९९१ च्या जानेवारीत 'द रेकॉर्ड न्यूज'चा पहिला अंक निघाला. आरंभी ते त्रैमासिक होते, पुढे वार्षिक झाले. सभासद महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेरही पसरलेले असल्याने भाषा इंग्रजी ठेवली गेली. चकचकीत कागद नाही, जाहिरातींचा भपका नाही. आत मात्र काय नव्हते! जुन्या कलावंतांची चरित्रे, एकेका कंपनीचा इतिहास, लेबलांची छायाचित्रे, गायकवार सूची, संग्राहकांच्या मुलाखतीवजा ओळखी, आणि सभासदांची पत्रे. मला विचाराल तर या अंकांतला सर्वांत मोलाचा मजकूर पत्रांतला आणि सूचींतला आहे. सूचीत एक ओळ चुकली की दुसऱ्या गावाहून दुरुस्ती येई: अमुक क्रमांकाची तबकडी माझ्याकडे आहे, तिच्या पाठीमागे तुम्ही म्हणता ती चीज नसून दुसरी आहे. अशा एकेका ओळीने इतिहास दुरुस्त होत गेला. हे अंक आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. हौशी मंडळींनी चालवलेल्या नियतकालिकाला विद्यापीठाने संदर्भसाधन म्हणून जागा द्यावी, याचा संस्थेला योग्य अभिमान आहे.

किनिअर यांचे १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांवरचे पुस्तक १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. पुढच्या, १९०८ ते १९१० या काळाचा खंड २००० साली आला, आणि २००३ मध्ये अब्दुल करीम खाँसाहेबांचे सूचीसहित चरित्र. या ग्रंथांशिवाय आज त्या काळाविषयी कुणी जबाबदारीने लिहू शकत नाही.

मुंबईबाहेर सोलापूर, तुळजापूर, नांदेड अशा ठिकाणीही संस्थेचे काम पसरले. त्याचा फायदा असा झाला की गाणे फक्त मुंबई-पुण्यात ऐकले गेले, हा गैरसमज मोडला. छोट्या गावांतल्या कपाटांतून नाट्यसंगीत, भजन, कीर्तन, लावणी, पोवाडा असे बरेच काही बाहेर आले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, दीनानाथ मंगेशकर, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या मराठी घरांत किती खोलवर पोचल्या होत्या हे तिथे दिसते. ज्या तबकडीच्या खाचा झिजून पांढुरक्या पडल्या आहेत ती घरात सर्वांत जास्त ऐकली गेलेली. संग्राहकाला कोरी प्रत हवी असते. ऐकणाऱ्यांच्या इतिहासासाठी मला ती झिजलेली प्रत जास्त बोलकी वाटते.

बैठकांतल्या एका प्रवृत्तीविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. दुर्मीळ ते सगळे थोर, असे मानण्याकडे संग्राहकांचा कल असतो. जगात एकच प्रत उरली म्हणून तबकडीतले गाणे मोठे होत नाही. उलट, अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एल.पी. हजारो घरांत आहे. तिच्यात मिळवायची दुर्मिळता काही नाही. तरीही ती बैठकीत पुन्हा लावावी आणि मारव्यातल्या कोमल रिषभावर एक संपूर्ण संध्याकाळ बोलावे, इतके तिच्यात आहे. सर्वांना ठाऊक असलेली रेकॉर्ड नव्याने ऐकवणे हे अनोळखी रेकॉर्ड आणण्यापेक्षा अवघड काम आहे. आपल्या कार्यक्रमांत त्याला अधिक जागा मिळायला हवी.

ऐकलेले दुसऱ्याला सांगितल्याने काय घडू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण केसरबाई केरकरांचे. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतलेल्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. मुद्रण साडेतीन मिनिटांचे. ते सुचवले अमेरिकी संगीतअभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. भारतीय संगीतातले निवडायचे तर हेच, असा त्यांचा आग्रह होता. पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. सोनेरी तबकडीसाठी काम करणाऱ्या अॅन ड्रुयान यांनी शोधाशोध केली तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय मालकाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर २ हे २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला निघाले. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. या साखळीतली माणसे पाहा. एकाने मनापासून ऐकले, त्याने दुसऱ्यांना सांगितले, त्यांतल्या एकीने दारोदार हिंडून ती रेकॉर्ड मिळवली, आणि कुण्या दुकानदाराने ती फेकून दिली नव्हती. यातला एक दुवा तुटता तर ती भैरवी आज अवकाशात नसती.

केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब यांची मात्र एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ऐकून भास्करबुवांची कल्पना करायची, केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर ऐकून अल्लादिया खाँसाहेबांकडे पोचायचा प्रयत्न करायचा, एवढेच हाती उरते. कुरुंदवाडला अखेरचे दिवस काढलेल्या रहिमत खाँच्या थोड्या तबकड्या आहेत, म्हणून अब्दुल करीम खाँच्या सुराचा उगम निदान कानांनी शोधता येतो. ही उणीव बैठकीत जाणवते तेव्हा उपलब्ध तबकड्यांची जबाबदारी दुप्पट वाटू लागते.

जपण्याच्या बाबतीत संस्थेने अनुभवातून पुष्कळ शिकून घेतले आणि वाटले. पोलादी पिन एका बाजूपुरती. दुसरी बाजू लावताना ती बदललीच पाहिजे, नाहीतर खाच खरवडते. जुना जड साउंडबॉक्स प्रत्येक वेळी थोडे गाणे खाऊन टाकतो, म्हणून आता हलक्या पिकअपने आणि ७८ साठीच्या जाड सुईने वाजवून एकदा नीट डिजिटल रूपांतर करायचे आणि पुढे तेच ऐकायचे. एल.पी.ची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि खरखरच उचलते. तबकड्या कधीही स्पिरिटने पुसू नयेत, स्पिरिटात लाख विरघळते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशी धरते. सौम्य साबणाच्या पाण्याने, लेबल भिजू न देता धुऊन कोरड्या कराव्यात. आणि एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात.

रूपांतर करताना खरखर काढण्याचा मोह आवरावा, असे माझे ठाम मत आहे. सॉफ्टवेअरने तबकडी स्वच्छ करता येते, पण हात जड झाला की खरखरीबरोबर सारंगीची धार जाते, 'स'कार जातो, गायकाचा श्वास जातो. एक प्रत जशीच्या तशी ठेवावी. दुसरीवर काय हवे ते प्रयोग करावेत.

या कामाला आंतरराष्ट्रीय पाठबळही मिळाले. ब्रिटिश लायब्ररीच्या 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम'मधून दोन प्रकल्प झाले. पहिला 'यंग इंडिया' या लेबलचा. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने या नावाने तबकड्या काढल्या. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना उभे केले जात नव्हते अशा नवख्या कलावंतांनाही तिथे संधी मिळाली, म्हणून या लेबलाचे महत्त्व. कंपनी बंद पडल्यावर संग्राहकांच्या कपाटांतल्या प्रती हाच तिचा मुख्य पुरावा उरला. दुसरा प्रकल्प ओडियनच्या तबकड्यांचा. दोन्हींत तबकडीचा आवाज आणि लेबलाची माहिती दोन्ही जपली गेली, आणि ज्यांनी आपली कपाटे त्यासाठी उघडली त्या सभासदांचे नाव इथे आदराने घेतले पाहिजे.

आता कायद्याचीही अडचण बरीच कमी झाली आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे लाखेच्या युगातल्या बहुतेक तबकड्या आज सर्वांच्या झाल्या आहेत. त्या ऐकायला मोबाइल पुरतो. त्यामुळे संस्थेचे काम संपले असे काही जण म्हणतात. मला ते वाढलेले दिसते. फिरत राहणाऱ्या असंख्य फायलींवर रागाचे नाव चुकीचे असते, वर्ष अंदाजाने टाकलेले असते, गती चुकलेली असते, आणि पाहता पाहता तेच खरे धरले जाते. कोणती तबकडी, कोणता नंबर, कुणाच्या संग्रहातली, कोणत्या गतीवर वाजवली, हे विचारणारे आणि सांगणारे लोक आता पूर्वीपेक्षा जास्त हवेत. तरुण श्रोते बैठकांना येतात तेव्हा त्यांचे कान तल्लख असतात. त्यांच्या हाती ही विचारण्याची सवय देणे हे ज्येष्ठ सभासदांचे कर्तव्य आहे.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरी, मामाच्या वाड्यात, गावच्या वाचनालयाच्या माळ्यावर तबकड्या असतील तर त्या वजनावर देऊ नका. एका वहीत प्रत्येकीचे लेबल, दोन्ही बाजूंचे नाव, क्रमांक आणि मधल्या भागावर कोरलेला नंबर उतरवून घ्या. कोणी आणली, घरात कोण ऐकत असे, हेही लिहा. तबकड्या संस्थेला द्याच असे आमचे म्हणणे नाही. त्या आपल्याच राहू द्या. फक्त त्यांची नोंद पाठवा, आणि पुढच्या बैठकीला त्यांतली एक घेऊन या.